दारावर रेघ नसलेला माणूस

गॅरेजच्या मागच्या भिंतीला एक दार टेकवून ठेवलेलं होतं. गाडीचंच दार, किरमिजी रंगाचं, काच नसलेलं, हँडल तुटलेलं. मोठ्या मालकांनी गॅरेज काढलं त्या पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून पॉलिश करताना त्या दाराची कड जळली. जळली म्हणजे मशीन एका जागी गरजेपेक्षा जास्त फिरलं, रंग उडाला आणि खालचा राखाडी प्रायमर दिसायला लागला. गिऱ्हाइकाला त्यांनी दुसरं दार बसवून दिलं आणि हे भिंतीला लावून ठेवलं. तेव्हापासून नियम पडला. ज्याच्या हातून रंग जळेल त्याने त्याच गाडीच्या रंगात ब्रश बुडवायचा, या दारावर बोटभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली आपली खूण काढायची. बोलणी नाहीत, दंड नाही. रेघ ओढली की विषय संपला.

चाळीस वर्षांत दार रेघांनी भरून गेलं होतं. खुद्द मोठ्या मालकांच्या चार रेघा होत्या, खाली त्रिकोण. रंगाऱ्याच्या अकरा होत्या, खाली मासा. आणि अकराही मासे वेगवेगळे काढल्याचा त्याला अभिमान होता. नोकरी सोडून गेलेल्यांच्या, वारलेल्यांच्या रेघा होत्या. नव्हती ती फक्त आरसेकाकांची. एकतीस वर्षं पॉलिशचं मशीन हातात धरून ज्याची दारावर एकही रेघ नाही, असा गॅरेजात तो एकच माणूस.

आरसेकाका हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं होतं. गाडी ताब्यात देताना ते गिऱ्हाइकाला बॉनेटवर वाकायला लावत आणि म्हणत, "बघा, मिशीचे केस मोजता येतायत का. येत नसले तर गाडी नेऊ नका." बायकांना ते "टिकली सरळ करून घ्या" असं म्हणत. विनोद एकतीस वर्षं तेच होते आणि हसणारेही बदलून बदलून मिळत, त्यामुळे चालून जात होतं.

पण अलीकडे काकांना गाडीपेक्षा स्वतःच्या शर्टाचीच जास्त भीती वाटायची.

सकाळी आरशासमोर उभं राहून ते गळ्याजवळच्या बटणाशी झटत. उजव्या हाताची पहिली तीन बोटं बटण पकडायची, पण पकडलंय की सुटलंय हे त्यांना कळायचं नाही. खाली बघावं तर गळ्याजवळचं बटण दिसत नाही, आणि आरशात बघावं तर डावं-उजवं उलटं होतं. पाचेक मिनिटांनी काकू ओट्यापासून हात पुसत यायच्या आणि न बोलता बटणं लावायच्या.

"सांगा आता मालकांना," त्या दिवशी त्या बोलल्या.

"काय सांगू?"

"हेच. बोटं गेली म्हणून."

"गेली कुठे? जागेवर आहेत की पाचही."

"अहो, परवा गरम तव्याला हात लावून उभे होतात. वास आल्यावर मला कळलं. तुम्हाला तेव्हाही नाही कळलं. हसण्यावारी नेऊ नका."

काकांनी बोटांकडे पाहिलं. टोकाला फोड येऊन वाळला होता. दुखला मात्र नव्हता. सहा-सात वर्षांपूर्वी आधी मुंग्या यायला लागल्या, संध्याकाळी घरी आल्यावर. मग गार पाण्यात हात घातला की बोटं खडूसारखी पांढरी पडायला लागली. मशीन थरथरतं, ती थरथर रोज आठ तास हाडात शिरते, आणि एक दिवस हाडच म्हणतं, आता पुरे. काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच उमगलं होतं. डॉक्टरकडे गेलं की हेच ऐकावं लागेल म्हणून ते गेले नव्हते.

"सोमवारी नवं मशीन येतंय," ते म्हणाले.

"मग?"

"धाकटे मालक सगळ्यांसमोर म्हणाले, काका, हे मशीन तुमच्याच हातात. का, तर माझी दारावर रेघ नाही."

"आणि नाही दिलं हातात तर?"

"तर पाइप."

पाइप म्हणजे गाड्या धुण्याची जागा. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, दिवसभर पाणी, आणि पाठ कायम वाकलेली. काकांची सुरुवात तिथेच झाली होती. पहिली तीन वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्यांची चाकं धुतली आणि मग मोठ्या मालकांनी हाताला धरून त्यांना मशीनपाशी आणलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा ते बूट चढवायचे, या नुसत्या विचारानेच त्यांचे गुडघे दुखायला लागत.

काकूंनी शेवटचं बटण लावलं आणि कॉलर सरळ केली. "जा. उशीर होईल," एवढंच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

पॉलिशच्या कामात डोळ्यांपेक्षा हाताला जास्त कळतं. पॅड फिरलं की पत्रा तापतो. कोमट आहे तोवर रंग तुमचं ऐकतो; चटका बसायला लागला की थांबायचं, नाहीतर तो तुमच्या हातातून गेला. म्हणून दर चार-पाच फेऱ्यांनी मशीन उचलून पत्र्यावर बोटं टेकवायची. काकांची बोटं हे सांगेनाशी झाली तेव्हा त्यांनी दुसरा उपाय शोधला. ते वाकत, पत्र्यावरून तिरकं पाहिल्यासारखं करत आणि गाल टेकवत. गालाला ऊब बरोबर कळायची. बघणाऱ्याला वाटे, म्हातारा बारीक ओरखडे शोधतोय. एकाने तर ही नवी पद्धत म्हणून स्वतःही सुरू केली होती.

रंगारी मात्र फसला नव्हता. "काय रे," तो एकदा मागून म्हणाला, "बॉनेटचा मुका घेतोस काय? या वयात?"

"तुला हेवा वाटतो."

"वाटतो तर. मला घरीसुद्धा कुणी एवढ्या जवळ येऊ देत नाही."

पुढे त्याने काही विचारलं नाही. पंचवीस वर्षांच्या दोस्तीत कुठे थांबायचं हे त्याला ठाऊक होतं.

त्या गुरुवारी सकाळी नऊला एक जुनी निळी गाडी आली. तिच्या मालकीणबाई निवृत्त नर्स होत्या. हातात छत्री, पायात रबरी तळव्यांच्या सपाता, आणि आवाज असा की समोरचा आपोआप बाही वर करेल. पहिल्या दोन मिनिटांतच सगळे त्यांना सिस्टर म्हणायला लागले.

"एकवीस वर्षं चालवतेय," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, गाडी छान आहे. मागच्या महिन्यात माझी मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, दोन्ही डोळ्यांची. पट्टी काढून बाहेर आले आणि पाहते तर काय, ही अशी! मी इतकी वर्षं हिला निळी समजत होते हो."

गाडी खरोखरच निळी म्हणण्यासारखी राहिली नव्हती. बॉनेट आणि टप उन्हाने पांढुरके, पाटीवरचा खडू पुसावा तसे झाले होते. काकांनी ओलं फडकं बॉनेटवर फिरवलं. ओल्या पट्ट्यात क्षणभर गडद निळा उमटला आणि वाळताच विझला.

"आहे," काका म्हणाले. "आत आहे अजून. वरचा मेलेला थर काढावा लागेल."

"दुखणार नाही ना तिला?" सिस्टर म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मग जरा हळू म्हणाल्या, "दुसरा रंग नका देऊ बरं का. हाच वर आणा. मला तो बघायचाय."

काकांनी गाडी धुतली, चिकणमातीसारखी मऊ वडी फिरवून रंगात रुतलेली धूळ काढली, कडांना कागदी टेप लावली. टेप सरळ बसली की नाही हे डोळ्यांना दिसतं, त्यामुळे ते काम झोकात झालं. मग लोकरीचं पॅड चढवलं, रबिंग कंपाउंडचे चार ठिपके टाकले आणि मशीन सुरू केलं. थोड्याच वेळात पॅड निळं झालं. जुन्या रंगाचं हे असंच असतं. मेलेला रंग पॅडवर येतो, तेव्हा खालचा जिवंत होतो. दारं झाली, टप झाला. दर चार फेऱ्यांनी काका वाकत होते आणि गाल टेकवत होते. गालही निळा झाला होता. साडेअकरापर्यंत बॉनेट दोन्ही बाजूंनी असं झालं की छताचा पंखा त्यात फिरताना दिसावा.

सिस्टर तेव्हाच परत आल्या. बॉनेटपाशी उभ्या राहिल्या.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच होता."

काकांना बरं वाटलं. त्यांनी सवयीने मिशीचा विनोद सुरू केला, मग समोर बाई आहेत हे लक्षात येऊन टिकलीवर वळवला. पण सिस्टर बॉनेटकडे बघतच नव्हत्या. त्या काकांच्या हाताकडे बघत होत्या. नुकतंच पॅड धुतल्याने हात ओला होता आणि बोटं पेरांपर्यंत पांढरी पडली होती.

"मुंग्या येतात?"

"कुणाला? मला? छे हो."

"रात्री दुखतो का हात? बटणं लागतात का?"

"लागतात की. ही काय, लावलीयत."

सिस्टरनी शर्टाकडे पाहिलं. सगळी बटणं नीट लागलेली होती. त्या "बरं" म्हणाल्या, पण हलल्या नाहीत. छत्री टेकून तिथेच उभ्या राहिल्या.

आता राहिला होता बॉनेटचा मधला कणा. पत्रा तिथे दुमडून उंच झालेला असतो आणि त्या उंचवट्यावर रंग सगळ्यात पातळ. त्याच्यावर टेप होती. पण टेप तशीच ठेवली तर मधोमध एक पांढुरकी पट्टी राहणार. म्हणून शेवटच्या दोन फेऱ्या टेप काढून मारायच्या असतात, हलक्या हाताने, आणि दोन्हींच्या मध्ये पत्र्याची ऊब तपासायची. हे काम गॅरेजात काकांशिवाय कुणी करत नसे.

त्यांनी टेप काढली. पहिली फेरी मारली. मशीन उचललं आणि सवयीने वाकायला गेले.

सिस्टर बघत होत्या. नवे डोळे, आणि त्यात नर्स. आपण गाल टेकवला की बाईंना सगळं कळणार, हे काकांच्या डोक्यात लख्ख आलं. ते अर्धे वाकलेले तसेच सरळ झाले आणि एकतीस वर्षं टेकवत आले तशी तीन बोटं कण्यावर टेकवली. बोटं काहीच म्हणाली नाहीत. काकांनी मान हलवली, जशी सगळं ठीक असताना हलवायची असते, आणि दुसरी फेरी सुरू केली.

तेवढ्यात ऑफिसातून कुणीतरी सिस्टरना चहाला हाक मारली. त्या गेल्या. काकांनी मशीन उचललं.

कण्यावर काडेपेटीतल्या काडीएवढा राखाडी डाग होता.

काकांनी फडक्याने पुसून पाहिलं. दुसऱ्या फडक्याने पुसलं. प्रायमर पुसला जात नाही हे माहीत असून तिसऱ्यांदाही पुसलं. मग मशीन खाली ठेवलं आणि चाकाला टेकून जमिनीवरच बसले. त्यांना फार दमल्यासारखं वाटलं. गेली दोन वर्षं एक जड पेटी डोक्यावर धरून उभं राहावं आणि ती आता पडलीच एकदाची, असं.

रंगारी आपल्या खोलीतून हात पुसत आला. बॉनेटकडे पाहिलं, ऑफिसकडे पाहिलं आणि खांद्यावरचं फडकं बरोबर डागावर टाकलं.

"ऊठ," तो हळूच म्हणाला. "दहा मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे निळा आहे, जुळवून देतो. बारीक ब्रश मारतो, वाळला की वरून मेण. तिच्या बापाला कळणार नाही."

"मारच. ते तर करावंच लागेल."

"मग बसलायस कशाला?"

"दारावर रेघ ओढायचीय."

रंगारी त्यांच्या शेजारी उकिडवा बसला. "वेड लागलंय का तुला? सोमवारी मशीन येतंय. आज रेघ ओढलीस की मालक विचारणार, रंग कसा जळला. मग तू सांगणार. तुझ्या पोटात काही राहत नाही."

"एकोणीस वर्षं राहिलंय की."

एकोणीस वर्षांपूर्वीची ती पांढरी गाडी दोघांनाच माहीत होती. काकूंचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि काका दवाखान्यातून तसेच कामावर आले होते. डिकीची कड जळली. गॅरेजात दोघेच होते. रंगाऱ्याने डाग झाकला आणि म्हणाला, घरी जा, तुझं डोकं ठिकाणावर नाही. रेघ उद्या ओढू, असं काकांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या मालकांनी कशावरून तरी सगळ्यांना फैलावर घेतलं आणि काकांकडे बोट दाखवलं: "शिका जरा याच्याकडून. एक रेघ नाही याची." त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. आणि मग प्रत्येक वर्षी ते उघडणं आणखी जड होत गेलं.

"तेव्हा झाकलं, तसं आताही झाकू," रंगारी म्हणाला.

"तेव्हा एक दिवस डोकं ठिकाणावर नव्हतं. आता हात नाही ठिकाणावर, आणि तो उद्याही नसणार. सोमवारी नव्या मशीनवर कुणाची तरी नवी गाडी येईल. तिला काय सांगू, थांब, गाल लावतो?"

"पाइपवर जावं लागेल, लेका."

"माहितेय."

"गुडघे बघ तुझे."

"बघितलेत. तू निळा जुळव. आणि थोडा पांढराही काढ."

सिस्टर चहा पिऊन आल्या तेव्हा काका उभे होते आणि डागावरचं फडकं त्यांनी स्वतःच काढलं होतं. "इथे जळला," ते म्हणाले. "माझ्या हातून. ब्रशने भरून देतो, पण तुमच्या डोळ्यांना दिसेल. मघाशी तुम्ही विचारलंत ते खरं होतं. मी खोटं बोललो."

सिस्टर वाकल्या. नव्या डोळ्यांनी डाग नीट पाहिला. मग काकांचा उजवा हात पालथा केला, प्रत्येक बोटाच्या टोकाला आपल्या नखाने टोचलं आणि दर वेळी "हे?" असं विचारलं. पहिल्या तिघांना काका "नाही" म्हणाले. करंगळीला "हो" म्हणाले, तेव्हा त्यांचा आवाज जरा चढला, परीक्षेत एक तरी उत्तर आल्यासारखा.

"गाडीचं राहू दे," सिस्टर म्हणाल्या. "एकवीस वर्षांत एवढंसं खरचटलं तर चालतं. हे असलं मशीन धरणं आजपासून बंद. डॉक्टरांचं नाव लिहून देते. माझं नाव सांगा, बसवून ठेवणार नाहीत."

"बरी होतील?"

सिस्टरनी त्यांचा हात अलगद सोडला. "दुखणं वाढायचं थांबेल," त्या म्हणाल्या.

रंगाऱ्याने डाग भरला. काकांनी उरलेल्या गाडीला हाताने मेण लावलं, मऊ फडक्याने, गोल गोल, घाई न करता. फडक्याने कुणाचं काही जळत नाही. चार वाजता सिस्टर गाडी घेऊन गेल्या. फाटकाबाहेर वळताना गाडीच्या अंगावर उन्हाची एक लांब रेघ टपापासून डिकीपर्यंत सरकत गेली, आणि काकांनी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

मग ते मागच्या भिंतीपाशी गेले. ब्रश धरलाय की नाही हे डोळ्यांनी बघत बघत त्यांनी निळी रेघ ओढली. ती सरळ आली नाही. शेजारी पांढरी ओढली. आता खाली खूण हवी, आणि खूण काय काढायची याचा त्यांनी एकतीस वर्षांत विचारच केला नव्हता. शेवटी त्यांनी पॅडसारखा गोल काढला.

"हे काय, अंडं घातलंस?" रंगारी मागून म्हणाला.

"पॅड आहे ते."

"अंडंच आहे. राहू दे, ओळखू येतं."

धाकटे मालक किल्ल्या घेऊन बंद करायला आले ते दारापाशी थांबले. ओला रंग चमकत होता. "निळी कळली," ते म्हणाले. "सिस्टर सांगून गेल्या. पांढरी कुणाची?"

"तीही माझीच. जुनी आहे. तुम्ही तेव्हा शाळेत होतात."

मालक दाराकडे बघत राहिले. वडिलांचे चार त्रिकोण त्यांच्या डोळ्यांच्या बरोबर समोर होते. शेवटी त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "काका, उद्या जरा उशिरा आलात तरी चालेल."

एकतीस वर्षांत त्यांना असं कुणीही म्हटलं नव्हतं. काकांना अर्थ कळला: मशीन आता त्यांचं राहिलं नव्हतं. त्यांनी मशीनची वायर गुंडाळली, पॅड धुऊन वाळत टाकलं आणि घरी गेले. काकूंनी बटणं सोडताना त्यांच्या गालावरचा निळा रंग पाहिला आणि ओल्या पदराने तो पुसला. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, काकांनीच सांगितलं, अगदी पांढऱ्या गाडीसकट.

"मला ठाऊक होतं पांढऱ्याचं," काकू म्हणाल्या. "दवाखान्यात रंगारीभावजी भेटायला आले होते ना, तेव्हाच बोलले."

"आणि तू एकोणीस वर्षं गप्प?"

"तुम्ही कधी सांगता ते बघत होते."

दुसऱ्या दिवशी काका आठला पाच कमी असतानाच गॅरेजात हजर झाले. पाइपपाशी रबरी बूट ओळीने ठेवलेले होते. त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं, मग ते आत गेले. एक धुतलेली गाडी पॉलिशसाठी उभी होती आणि तिच्या कडांना अजून कुणी टेप लावली नव्हती. मालक यायला अवकाश होता. काकांनी टेपची गुंडाळी घेतली, खुर्ची ओढली आणि डोळे बारीक करून पहिली कड झाकायला बसले.